ज्याला आपण पामेरियन म्हणालो

तुम्ही सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उपनगरात वाढला असाल, तर पुढचं दृश्य डोळ्यांसमोर आणायला मला फार शब्द लागणार नाहीत. तळमजल्यावरचा ब्लॉक. लाकडी दार उघडं, पण त्याच्यापुढे लोखंडी जाळीचं दुसरं दार बंद. जाळीच्या तळाशी टेकलेलं एक काळं, ओलं नाक. नाकामागे पांढऱ्या केसांचा गोळा आणि पाठीवर वळवून ठेवलेली झुपकेदार शेपूट. तुम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता आणि तो गोळा असा काही भुंकू लागतो, की हातातली भाजीची पिशवी सुटावी. मग आतून आवाज येतो, "या हो, काही करत नाही तो!"

अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की आमचं घाटकोपर, हे वाक्य सगळीकडे सारखंच होतं. कुत्र्याचं नावही बहुधा ठरलेलं असायचं. मोती, राजा, जिमी, नाहीतर टॉमी. आणि जात विचारली की उत्तर एकच, पामेरियन. कुणी त्याला पामेलियन म्हणायचं. आमचा दूधवाला 'पामोलिन' म्हणायचा. त्या काळात रेशनवर पामोलिन तेल मिळत असल्यामुळे आम्हा मुलांना त्यात काही वावगं वाटत नसे.

पुलंनी पाळीव प्राण्यांवर जे सांगून ठेवलंय, त्यानंतर मराठीत कुत्र्यांविषयी हसवणारं काही बोलायला जाऊ नये, हे मला कळतं. मला आज या कुत्र्याचा इतिहास सांगायचा आहे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, की ज्या असंख्य घरांत 'आमचा पामेरियन' होता, त्यांतल्या बहुतेक घरांत पामेरियन नव्हताच.

मग होतं कोण? ते सांगण्यासाठी घाटकोपरहून थेट बाल्टिक समुद्राच्या काठी जावं लागेल. आज पोलंडचा उत्तर भाग आणि जर्मनीचा ईशान्य कोपरा जिथे आहे, त्या किनारपट्टीला पॉमेरेनिया म्हणतात. तिथल्या स्लाव्ह लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'समुद्राकाठचा मुलूख' असा होतो. म्हणजे त्यांचं कोकणच म्हणा ना. मी कोकणातला, त्यामुळे हा अर्थ कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

या मुलखात आणि एकूणच जर्मनीत टोकदार तोंडाची, उभ्या कानांची, दाट केसांची कुत्री पूर्वापार होती. त्यांना स्पिट्झ म्हणत. स्पिट्झ म्हणजे टोकदार. ही बर्फाळ प्रदेशातल्या, गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांची भावकी. पण जर्मन शेतकऱ्याने त्यांच्याकडून गाड्या ओढून घेतल्या नाहीत. त्याने त्यांना अंगणात ठेवलं. शेणाच्या ढिगावर, म्हणजे अंगणातल्या सगळ्यात उंच जागी हा कुत्रा चढून बसायचा आणि रस्त्यावरून कुणी आलं की भुंकायचा. म्हणून त्याला तिकडे 'उकिरड्यावरचा भुंक्या' अशा अर्थाचं नाव पडलं होतं. गाडीवानही हा कुत्रा बाळगत. गाडीवान खानावळीत शिरला की कुत्रा मालावर बसून राहायचा. मालक परत येईपर्यंत कुणाची गाडीला हात लावायची टाप नसे.

स्वभावाचं सगळं गुपित या दोन कामांत आहे. ज्या कुत्र्याला ससा दिसला की त्याच्यामागे रानात पळावंसं वाटतं, तो राखणीला निरुपयोगी. म्हणून शेतकऱ्याने आणि गाडीवानाने पिढ्यान्‌पिढ्या अशीच पिल्लं ठेवली, ज्यांना शिकारीची ओढ नाही, जी घर सोडून लांब जात नाहीत, ज्यांना परका माणूस लगेच ओळखू येतो आणि तो आल्याचं मालकाला सांगितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही. आजही जर्मन स्पिट्झच्या अधिकृत वर्णनात परक्यांविषयीचा अविश्वास आणि शिकारीच्या वृत्तीचा अभाव हे त्याचे गुण म्हणून लिहिलेले असतात. जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवलेलं काम. माणसांच्या बाबतीत हे म्हणणं खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी आपण काय काय केलं ते सर्वांना माहीत आहे. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ते खरं आहे.

आता हा अंगणातला राखणदार लहान कसा झाला? १७६१ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जशी लग्न होऊन शार्लट नावाची जर्मन राजकन्या लंडनला आली. तिचं माहेर पॉमेरेनियाच्या शेजारचं. माहेरची आठवण म्हणून तिने तिकडची कुत्री आणवली. गेन्सबरो या चित्रकाराने त्या काळात रंगवलेली पॉमेरेनियन कुत्री पाहिली तर आपण चकित होतो. ती चांगली दणकट, आपल्या गावठी कुत्र्याच्या अंगाबांध्याची आहेत. लहान करण्याचं काम केलं ते शार्लटच्या नातीने. ही नात म्हणजे राणी व्हिक्टोरिया.

१८८८ साली व्हिक्टोरिया इटलीत फ्लॉरेन्सला गेली होती. तिथे तिला मार्को नावाचा एक छोटा पॉमेरेनियन आवडला. वजन जेमतेम साडेपाच किलो. त्याला घेऊन ती इंग्लंडला परतली आणि लहान चणीचीच पिल्लं पैदा करू लागली. राणीला जे आवडलं ते सरदारांना आवडलं, सरदारांना आवडलं ते दुकानदारांना आवडलं, आणि तिच्या हयातीत या कुत्र्याचा आकार निम्म्यावर आला असं म्हणतात. आजचा खरा पॉमेरेनियन दीड ते सव्वातीन किलोंचा असतो. एका हातावर मावतो. जानेवारी १९०१ मध्ये राणी अंथरुणाला खिळली, तेव्हा शेवटच्या दिवसांत तिने आपल्या लाडक्या कुत्र्याला पलंगावर आणायला सांगितलं. त्याचं नाव होतं तुरी. आपल्याकडच्या 'हातावर तुरी' शी त्याचा काही संबंध नाही.

गंमत पाहा. मार्को विकत घेतला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १८८७ साली, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईच्या बोरीबंदरला तिचं नाव दिलं गेलं होतं. त्या व्हीटी स्टेशनावरून आम्ही घाटकोपरच्या, मुलुंडच्या लोकल पकडत आलो. १९९६ साली नाव बदललं, २०१७ साली त्यात 'महाराज' ही जोड मिळाली. पण राणीने उपनगरवासीयांच्या दारात बसवलेलं नाव, पामेरियन, ते काही बदललं नाही.

आणि ते चुकीचं होतं, ते असं. इंग्रज साहेबांनी भारतात जी स्पिट्झ कुत्री आणली, ती राणीच्या हातावर मावणारी नव्हती. मोठी, जर्मन वळणाची होती. त्यांची पिल्लं इथे झाली, पिल्लांची पिल्लं झाली. इथल्या उन्हात, दमट हवेत, इथल्या डाळ-भातावर जी टिकली त्यांचा वंश वाढला. केस थोडे विरळ झाले, तोंड लांबट राहिलं, कान मोठे राहिले. भारतातल्या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया याला पामेरियन म्हणत नाही. त्याच्या दप्तरात याचं नाव 'इंडियन स्पिट्झ' आहे. त्यातही दोन चणी आहेत. धाकटी पाच-सात किलोंची, थोरली बारा ते वीस किलोंची. खऱ्या पॉमेरेनियनच्या मादीला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात, आपल्या स्पिट्झला पाच-पाच होतात. हेही त्याच्या प्रसाराचं एक कारण. ऐंशीच्या दशकात परदेशातून कुत्री आणण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या बाजूला पिंजऱ्यात जी पांढरी पिल्लं विकायला असत, ती सगळी अशी इथेच जन्मलेली. लोक त्यांना विलायती समजून घरी नेत आणि ती देशी असल्यामुळेच जगत.

पण तो उपनगरांतच एवढा का रुजला, याचं माझं स्वतःचं एक उत्तर आहे. चाळीला कुत्र्याची गरज नव्हती. चाळीत दिवसभर दारं उघडी असायची. नवा माणूस गॅलरीत पाऊल टाकायचा अवकाश, वीस तोंडांनी विचारलं जायचं, "कोण पाहिजे?" साठ-सत्तरच्या दशकांत लोक गिरगाव, परळ, लालबागमधून उपनगरांत सोसायट्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आले. स्वतंत्र संडास मिळाला, दाराला लॅच आलं. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरात म्हातारी एकटी. "कोण पाहिजे?" विचारणारं कुणी उरलं नाही. तेव्हा पॉमेरेनियाच्या उकिरड्यावर जे काम शतकानुशतकं चालू होतं, तेच काम या कुत्र्याला घाटकोपरच्या जिन्याखाली मिळालं. दोन खोल्यांत मावणारा, साखळीवर फार ओढाओढ न करणारा, घर सोडून न पळणारा आणि परका आला की इमारत डोक्यावर घेणारा. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांना तर तो फारच सोयीचा. दूध-पोळीवर राहायचा.

आमच्या इमारतीत तो तळमजल्यावर होता. मोती. १९८५ साली आला तेव्हा मी शाळेत होतो. ज्यांच्या घरी तो होता त्यांना आम्ही काका-मावशी म्हणायचो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आई-वडील, आम्ही भावंडं आणि आमची दादी.

दादीबद्दल सांगायला हवं. कोकणातले आम्ही मुसलमान शाफई पंथाचे. कुत्र्याच्या बाबतीत हा पंथ फार काटेकोर. मालिकी पंथात कुत्रा पाक मानतात, हनफींचा आक्षेप मुख्यतः लाळेला आहे, पण आमच्याकडे कुत्र्याची ओल कपड्याला किंवा अंगाला लागली, तर ती जागा सात वेळा धुवायची, आणि त्यातला एक हात मातीचा. गावी अंगणात माती होती. ब्लॉकच्या मोरीत कुठली माती? म्हणून दादीने डालडाच्या डब्यात गावची लाल माती आणून ठेवली होती. मी मोतीशी खेळून वर आलो की ती दारातच विचारायची, "ओला की सुका?" कारण नियम तिला पक्का ठाऊक होता. कोरड्या हाताने कोरड्या कुत्र्याला हात लावला तर धुवावं लागत नाही. मी सुका म्हणून सांगायचो. मोती जीभ बाहेर काढून समोर उभा असताना सुकं राहणं किती शक्य आहे, हे तिलाही कळत असणार. ती डब्याकडे बोट दाखवायची.

पण हीच दादी आम्हाला गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट सांगायची. कुराणातल्या 'कहफ' या सूरेत ती आहे. जुलमी राजापासून पळालेले काही तरुण गुहेत शेकडो वर्षं झोपून राहतात, आणि त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून उंबऱ्यावर बसलेला असतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पायमोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाचे सगळे गुन्हे माफ झाले, हेही तिनेच सांगितलेलं. घरात कुत्रा ठेवायचा नाही, पण राखणीला, गुरांपाशी किंवा शिकारीला ठेवला तर चालतो, हेही. मी एकदा म्हटलं, "मग मोती राखणच करतो की." ती म्हणाली, "करतो ना. खाली करतो."

कुत्र्याबद्दल या शहरातली प्रत्येक जमात असाच काही हिशेब मांडून बसलेली आहे. मावशींच्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर होती आणि तिच्यात चार कुत्री. खंडोबाचे वाघे तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. पारशांमध्ये मृताला कुत्र्याची नजर लागावी असा विधी आहे. याच मुंबईत ६ जून १८३२ रोजी कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मुदत वाढवली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातली कुत्रीही उचलू लागले, तेही पारशांच्या पवित्र दिवशी. पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमानही त्यांच्या बाजूने आले, कोटातला बाजार बंद पडला, लष्कर बोलवावं लागलं. आपल्या शहरातली ही एक जुनी दंगल, जिच्यात सगळे एका बाजूला होते.

मोतीकडे परत येतो. त्याच्या संगोपनात आम्ही सगळ्यांनी मिळून ज्या चुका केल्या, त्या आजही लोक करतात, म्हणून सांगतो. मी कवी माणूस, पशुवैद्य नव्हे. पण पुढे डॉक्टरांकडून ऐकून ऐकून बरंच कळलं.

पहिली चूक केसांची. दर एप्रिलमध्ये काका त्याला जिन्याखाली बसवून मशीनने पार गुळगुळीत करायचे. "बिचाऱ्याला उकडत असेल." वाटतं तसं खरं, पण या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात. आत लोकरीसारखी मऊ लव, वर लांब, सरळ केस. हे वरचे केस ऊन अडवतात आणि आतल्या लवेत खेळणारी हवा अंग थंड ठेवायला मदत करते. आपल्या जुन्या कौलारू घरात पोटमाळा करायचा ना, तसंच. भादरल्यावर छप्परच गेलं. मोतीच्या पाठीवर लाल चट्टे उठायचे. शिवाय स्पिट्झचे केस मुळापासून कापले की कधी कधी परत धड येत नाहीत. आधी लव येते, वरचे केस महिनोन्‌महिने येत नाहीत. मोतीच्या कमरेवर एक टक्कल कायमचं राहिलं. खरं म्हणजे करायचं एवढंच असतं, की आठवड्यातून दोन-तीनदा बारीक दातांच्या स्टीलच्या कंगव्याने पार कातडीपर्यंत विंचरायचं, विशेषतः कानांमागे आणि मागच्या मांड्यांना, जिथे जटा होतात. वर्षातून दोनदा लव गळते, तेव्हा रोज. कात्री चालवायची ती तळव्यांतल्या केसांवर आणि शेपटीखाली, स्वच्छतेपुरती.

दुसरी चूक आंघोळीची. मावशी दर रविवारी त्याला कपड्यांच्या साबणाने न्हाऊ घालायच्या आणि तो ओलाच गॅलरीत बसायचा. मुंबईच्या जुलैत आपले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तर त्या दाट लवेच्या तळाशी ओल किती दिवस राहत असेल? त्यातून बुरशी येते, खाज सुटते, वास मारतो. मग वास मारतो म्हणून पुन्हा आंघोळ! तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने धुतलं आणि मुळापर्यंत कोरडं केलं की पुरतं. पावसाळ्यात विंचरताना गोचीड शोधायचे. गोचिडाचा ताप अंगावर काढला तर कुत्र्याचा जीव घेतो.

आणि खाणं. मोतीला सगळी इमारत बिस्किटं घालायची, दिवाळीत शंकरपाळे, रमजान ईदला आमच्या घरून शिरखुर्म्यातले बेदाणे. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा यांचं कुत्र्याला विष होतं, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? तो वाचला हे नशीब. सातव्या वर्षीच त्याचे दात हलायला लागले होते. लहान चणीच्या स्पिट्झमध्ये दात, गुडघ्याची वाटी आणि श्वासनलिका या तीन नाजूक जागा. म्हणून गळ्यात पट्टा घालून ओढण्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा बरा. आणि बाहेर न्यायचं ते सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. डांबरावर आपला तळहात क्षणभर ठेवून पाहावा. आपल्याला टेकवत नसेल तर त्याच्या पायाला कसं टेकवेल?

लसीकरणाचं मात्र काकांनी चोख केलं. पार्वो नावाचा आजार १९७८ च्या सुमारास अचानक जगभर पसरला होता. पिल्लांना रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत संपवणारा. ऐंशीच्या दशकात त्याने उपनगरांतली कितीतरी घरं रडवली. मोतीला पिल्लूपणी काका टॅक्सी करून परळला न्यायचे. तिथलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८३ साली सुरू झालेलं, पण मुंबईकरांच्या तोंडी त्याचं नाव 'बैलघोडा हॉस्पिटल'. आजारी बैल, टांग्याचे घोडे, आणि त्यांच्यामध्ये टॉवेलात गुंडाळलेला आमचा मोती. मी एकदा सोबत गेलो होतो. तिथेच एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहत सांगितलं, "कोण म्हणतं हा पामेरियन? हा स्पिट्झ आहे." काकांना ते फारसं आवडलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ते कुणाला सांगू नको म्हणून मला बजावलं.

आता भुंकण्याविषयी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोतीचं भुंकणं हा कायमचा विषय होता. तो भुंकला की काका वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचे, आणि तो आणखी भुंकायचा. त्याचंही बरोबरच होतं. तो वर्दी देत होता आणि वर्दी घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. ज्याला हा कुत्रा नीट सांभाळायचा आहे त्याने दोन-तीन भुंकण्यांनंतर दारापाशी जावं, पाहावं, शांतपणे त्याला सांगावं की पाहिलं मी, आणि आत बोलवून काही खायला द्यावं. आरडाओरडा करू नये. आपण ओरडलो की त्याला वाटतं, मालकही भुंकायला लागले. पिल्लूपणी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जितक्या वेगवेगळ्या माणसांच्या मांडीवर तो बसेल तितकी 'परका' या शब्दाची त्याची व्याख्या लहान होत जाते. मोती आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवरच्या मांड्यांवर वाढला होता. त्यामुळे सबंध इमारत त्याच्या हिशेबात 'घरचे' होती. माझे वडील रात्रपाळी करून पहाटे चारला यायचे. तो उठून शेपूट हलवायचा आणि परत झोपायचा. एकदाही भुंकला नाही.

जानेवारी १९९३. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी इथे कुत्र्यापुरतंच बोलतो. इमारतीत मुसलमानांचं घर आमचं एकच. नातेवाईक निघून या म्हणत होते, पण दादीला हलवता येत नव्हतं. सोसायटीच्या पुरुषांनी आळीपाळीने रात्री गेटवर बसायचं ठरवलं. आणि काकांनी मोतीची गोधडी घरातून काढून जिन्याच्या पायथ्याशी घातली. जाळीच्या दाराबाहेर. "हा बाहेरच्याला चढू देणार नाही," एवढंच म्हणाले.

आम्ही दिवे मालवून बसलेलो असायचो. मध्यरात्री मोती भुंकला की वडील उभे राहायचे. कुणी श्वास घेत नसे. मग खालून काकांचा आवाज यायचा, "गप रे, आपलेच आहेत." म्हणजे पाळी बदलणारी आपली माणसं. वडील खाली बसायचे. हे रात्रीतून तीन-चारदा व्हायचं. आणि तो भुंकत नसला, की दादी म्हणायची, "झोपा आता, मोती गप आहे."

त्याच दिवसांत तिने एक सवय लावून घेतली. तिला जिने उतरवत नसत, तरी इशाच्या नमाजनंतर कठड्याला धरून ती खाली यायची, ओढणी एका हाताने आवरून धरायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वाडग्यात पाणी ओतायची. लांबून. तो हात चाटायला पुढे आला की "हां, हां, दूर" म्हणायची. वातावरण निवळलं, मोतीची गोधडी पुन्हा आत गेली, तरी पाण्याचं चालूच राहिलं.

पुढच्याच वर्षी 'हम आपके हैं कौन' आला. ऑगस्ट १९९४. लिबर्टी थिएटरात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यातला क्रिकेटची पंचगिरी करणारा, चिठ्ठी पोहोचवणारा टफी हा याच जातीचा, इंडियन स्पिट्झ. एका रात्रीत उपनगरांतले सगळे मोती आणि राजे टफी झाले. आमचा मोती तेव्हा नऊ वर्षांचा, टक्कल पडलेला, दात गेलेला. गल्लीतली पोरं त्याच्या तोंडात चिठ्ठी कोंबून "टफी, जा" म्हणायची. तो चिठ्ठी तिथेच टाकून त्यांच्याकडे पाहत राहायचा. काम त्याच्या जातीचं नव्हतं.

टफीमुळे या कुत्र्याची भरभराट झाली आणि खरं तर तिथूनच उतरणही लागली. मागणी वाढली, तशी जिथे मिळेल तिथे, कशीही पिल्लं काढली गेली. मग २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि सगळ्यांना पग हवा झाला. पग झाल्यावर शित्झू, मग हस्की. मुंबईच्या उकाड्यात सायबेरियाचा कुत्रा! कालपर्यंत सोफ्यावर बसणारे स्पिट्झ मासळी बाजारापाशी फिरताना मी स्वतः पाहिलेत. जन्मभर एका दाराला बांधून घेतलेला कुत्रा रस्त्यावर सोडला, की तो आधी ते दार शोधतो. २०१६ साली विक्रीसाठी, पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला केंद्राने बंदी घातली. २०१७ आणि २०१८ साली पैदास करणाऱ्यांसाठी आणि दुकानांसाठी नियमही झाले. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाने २०१५ साली कळवलं. परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस ही मालकाची जबाबदारी आहेच. आता अंधेरीच्या उंच इमारतींत पुन्हा पॉमेरेनियन दिसतात, पण ते राणीचे, हातावर मावणारे, खरे. आमचे ते दारातले भुंके फारसे दिसत नाहीत. दारावर आता कॅमेरा असतो.

मोती १९९८ च्या पावसाळ्यात गेला. तेरा वर्षांचा होऊन. शेवटी त्याला दिसत नव्हतं, पण जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायचा. पहाटे तो गेल्याचं पहिल्यांदा कळलं माझ्या वडिलांना, कारण ते पाळीवरून आले आणि शेपूट हलली नाही. इमारतीच्या मागे नारळाच्या झाडापाशी जागा होती. काकांच्या कमरेत दुखणं होतं, म्हणून फावडं वडिलांनी घेतलं. पाऊस पडत होता, चिखल झाला होता. मावशींनी त्याला त्याच्याच गोधडीत बांधून दिलं. वडिलांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. ओला की सुका, हा प्रश्नच नव्हता.

वर आल्यावर त्यांनी मोरीत डालडाचा डबा उघडला. दादी खिडकीशी बसली होती. तिने मागे न वळता विचारलं, "खड्डा खोल केलास ना? इथे घुशी फार आहेत."